वर्दीचा सदरा घेताना



बियाणे घेताना आपण पिशवीवरची तारीख वाचतो. बैल घेताना त्याचे दात मोजतो, त्याला चार पावले चालवून पाहतो. पण कापड घेताना मात्र दुकानदार सांगेल ते ऐकतो आणि रंग आवडला की पैसे मोजतो. अंगावरच्या रोजच्या कपड्यात एखादे वेळी फसलो तर चालून जाते. घरचा मुलगा फौजेत असला आणि त्याच्या वर्दीचा सदरा शिवायचा असला, तर मात्र चालत नाही.

आमच्या सातारा भागात फौजेत माणूस नाही असे गाव सापडणे कठीण. अपशिंगे गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. वर्दी सरकारकडून मिळते हे खरे. पण समारंभासाठी जादा जोड मुले पदरच्या पैशाने शिवतात. 2017 पासून त्यांना वर्षाला पोशाख भत्ताही मिळतो. हा पैसा नीट कामी यावा म्हणून हा लेख. त्याचा आरंभ माझ्या स्वतःच्या फजितीने करतो.

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा हवाई दलात आहे. थंडीच्या दिवसांत त्यांच्या वर्दीत कोट, टाय आणि आत फिकट निळा, पूर्ण बाहीचा सदरा असतो. रजेवर आला तेव्हा तो म्हणाला, "काका, तुम्ही कापसातले जाणकार. कापड तुम्हीच घ्या." मला बरे वाटले. तालुक्याच्या एका दुकानातून सुती कापड घेतले आणि त्याच दिवशी शिंप्याकडे टाकले. पुढच्या रजेत त्याने तो सदरा माझ्यापुढे ठेवला. "परेडच्या आदल्या दिवशी धुतला, काका. सकाळी गळ्याचे बटण लागेना. सोबत्याचा सदरा मागून घातला." त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला ते जास्त लागले. तीस वर्षे शेतकऱ्यांना कापूस कसा पिकवावा हे सांगणाऱ्या मला कापड पारखता आले नव्हते.

कापड का आटते?

मागावर आणि पुढच्या प्रक्रियेत सूत ताणले जाते. पाण्यात पडले की ते सैल होऊन मूळ जागी येते. न आटवलेले सुती कापड शेकडा 3 ते 5, कधी त्याहूनही जास्त आटते. हिशेब करून पाहा. गळ्याचे माप साडेपंधरा इंच असेल आणि कापड शेकडा 3 आटले, तर जवळजवळ अर्धा इंच गेला. बटण लागणार कसे?

गिरणीतच आटवून घेतलेल्या कापडाला 'सॅन्फोराइज्ड' म्हणतात. तरी नुसत्या शिक्क्यावर विसंबू नका. आधी अर्धा मीटर तुकडा घ्या. त्यावर पेन्सिलीने 10 इंचांचा चौकोन आखा. रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, सावलीत वाळवा आणि पुन्हा मोजा. पाव इंच कमी भरला, तर कापड शेकडा अडीच आटले. हे कळल्यावरच बाकीचे कापड घ्या, आणि कातर लावण्यापूर्वी तेही भिजवून, वाळवून, इस्त्री करून शिंप्याला द्या. एवढे एक काम केले असते तर माझी फजिती टळली असती.

दुकानातच करायच्या परीक्षा

एक, कापड दोन्ही हातांत धरून चोळा. पांढरी भुकटी पडली तर ते खळीने जाड केलेले आहे. धुतल्यावर ते जाळीसारखे विरळ होईल.

दोन, कापड उजेडासमोर धरा. सूत एकसारखे दिसले पाहिजे. कुठे जाड, कुठे बारीक, मध्ये गाठी असे असेल तर ठेवून द्या.

तीन, मुठीत घट्ट दाबून सोडा. सुतीला चुण्या पडतातच. अजिबात पडल्या नाहीत तर त्यात पॉलिएस्टरचे प्रमाण जास्त आहे.

चार, कडेचे दोन धागे काढून घरी काडी लावा. कापूस कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गोळी होते.

टेरिकॉट वाईट असे मी म्हणत नाही. ते कमी आटते, लवकर वाळते आणि इस्त्री टिकवते. रोजच्या वर्दीला सोयीचे आहे. पण घाम टिपत नाही, आणि आगीजवळ वितळून कातडीला चिकटू शकते. कोटाच्या आत, टाय बांधून तासभर उभे राहायचे असेल तर चांगल्या सुती कापडासारखे सुख नाही. मात्र त्या दलाच्या नियमात कोणते कापड बसते हे मुलालाच विचारा. रंगाचेही तसेच. आठवणीवर निळा किंवा ऑलिव्ह हिरवा रंग घेऊ नका. मुलाकडून नमुन्याचा तुकडा मागवा आणि दुकानाबाहेर, उन्हात जुळवून पाहा. दिव्याखाली रंग फसवतो.

शिंप्याला काय सांगावे?

36 इंच पन्ह्याचे कापड पूर्ण बाहीच्या सदऱ्याला साधारण अडीच मीटर लागते. धिप्पाड माणसाला थोडे जास्त. माप देताना मुलाला सलामीसाठी हात उचलायला लावा. हात उचलताच सदरा पँटीतून वर निघत असेल तर लांबी कमी आहे. गळ्याचे बटण लावल्यावर आत एक बोट सहज फिरले पाहिजे. एका इंचात बारा-चौदा टाके मागा. कॉलरीतले कापडही आधी भिजवलेले असावे, नाहीतर वरचे कापड सपाट राहते आणि कॉलर फुगते. खांद्याच्या पट्ट्या आणि दोन्ही खिसे समान पातळीवर हवेत, कारण उजव्या खिशावर नावाची पट्टी आणि डावीकडे पदकांच्या फिती लागतात. खिसा तिरका तर सारेच तिरके.

माताभगिनींसाठी दोन शब्द. रंगीत सदऱ्याला ब्लीचिंग पावडर लावू नका. कॉलरीच्या आतल्या बाजूला साबण चोळून मऊ ब्रश फिरवा. उलटा करून सावलीत वाळवा आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा.

आणखी एक सावधगिरी. वर्दीचे कापड उरले म्हणून धाकट्याला तसाच सदरा शिवू नका. आपण सैनिक आहोत असे भासवण्यासाठी सैनिकाचा पोशाख घालणे हा कायद्याने गुन्हा आहे. जानेवारी 2016 मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला. हल्लेखोर फौजी कपड्यांत आले होते. त्यानंतर लष्कराने नागरिकांना असे कपडे न घालण्याचे आवाहन केले होते.

सदरा शेतात सुरू होतो

आता मुख्य गोष्ट. पुतण्याच्या त्या सदऱ्यावर, निळ्या रंगात बारीक पांढरे ठिपके होते. शिंप्याला वाटले, रंग खराब. मला मात्र कारण ठाऊक होते. अपक्व बोंडातला कच्चा तंतू रंग धरत नाही. त्याच्या गाठी होतात आणि त्या पांढऱ्याच राहतात. कोणीतरी कवडी कापूस चांगल्या कापसात मिसळला होता. कदाचित आपल्यापैकीच कोणी असेल.

चांगल्या सदऱ्याला बारीक सूत लागते. एका पौंडात 840 यार्डांच्या 40 लडी बसल्या की त्या सुताचा नंबर 40. नंबर वाढेल तसे सूत बारीक होते, आणि बारीक सुताला लांब, पक्व धागा लागतो. असा धागा आपल्या देशात होतो. कोइमतूरला तयार झालेले 'सुविन' हे वाण 1974 मध्ये आले. त्याच्या धाग्यातून शंभराच्या वरच्या नंबरचे सूत निघते. पण कोणतेही वाण लावा, वेचणीत हयगय झाली की सारे मातीमोल.

म्हणून दव उडाल्यावरच वेचा. खालची बोंडे आधी, मग वरची, म्हणजे पाचोळा कापसावर पडत नाही. कवडी आणि किडका कापूस वेगळ्या ओटीत घ्या. डोक्याला रुमाल बांधा, केस गळून कापसात जातात. आणि कापूस खताच्या प्लॅस्टिक गोणीत कधीही भरू नका. तिचा एक धागा कापसात गेला की तो थेट कापडापर्यंत पोचतो आणि रंगही घेत नाही. सुती कापडाच्या ओट्या आणि पोती वापरा.

तुम्ही म्हणाल, साहेब, स्वच्छ कापसाला भाव जास्त मिळतो का? बाजारात दर वेळी मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे आणि ते चुकीचेच आहे. तरीही चार शेतकऱ्यांनी मिळून स्वच्छ कापसाची वेगळी गाडी नेली, तर निदान बोलायला तोंड राहते. मिसळलेल्या कापसाला तेही राहत नाही.

पुतण्यासाठी मी दुसरे कापड घेतले. या वेळी तुकडा भिजवला, मोजला आणि मगच पैसे दिले. धुऊनही त्याचे बटण लागते, असे त्याने परवा फोनवर सांगितले.