मेंदूच्या बारा तारा



समजा, वरवट बकालच्या एखाद्या घरात घरधनी सकाळी चूळ भरायला बसला आणि पाणी तोंडाच्या एका कोपऱ्यातून गळून पडले. घरधनीणीने पाहिले तर तोंड एका अंगाला ओढलेले आणि एक डोळा मिटतच नाही. मग घरात एकच धांदल उडते. कोणी म्हणतो, “याले वारं लागलं.” कोणी म्हणतो, “लकवा मारला.” एकजण उतारा काढायला सांगतो, दुसरा मालिशवाल्याला बोलवायला धावतो. या गडबडीत सर्वांत मोलाची गोष्ट हातची निघून जाते. ती म्हणजे वेळ.

वारे लागल्यामुळे तोंड वाकडे होत नाही. डोक्यातली एक तार बंद पडलेली असते. कोणती तार, आणि ती कुठे बंद पडली, हे चेहरा स्वतःच सांगत असतो. आपल्याला ते वाचता आले पाहिजे. म्हणून आज या तारांची ओळख करून घेऊ.

आपल्या मेंदूतून मज्जातंतूंच्या बारा जोड्या थेट डोक्याकडे व मानेकडे निघतात. जोडी अशासाठी की एक तार उजवीकडे, एक डावीकडे. हातापायांच्या तारा पाठीच्या कण्यातून जातात. या बारांचा रस्ता मात्र कवटीच्या भोकांतून आहे. १७७८ साली सोमरिंग नावाच्या जर्मन वैद्याने त्यांना पुढून मागे असे क्रमांक दिले. तोच क्रम आजही जगभर चालतो.

शिक्षक मित्रहो, आकृती काढण्याआधी मुलांना स्वतःच्या चेहऱ्यावरच हा धडा वाचायला लावा. डोळे मिटून हिंगाचा वास ओळखला, ही पहिल्या तारेची परीक्षा. फळ्यावरचे अक्षर वाचले, ही दुसरीची. या दुसऱ्या तारेत सुमारे दहा लाख बारीक धागे असतात. मान न हलवता तुमच्या बोटामागे डोळे फिरवले, ते तिसरी, चौथी आणि सहावी यांचे काम. पापणी वर उचलते ती तिसरीच. दात घट्ट आवळले आणि गालावर फिरवलेले पीस जाणवले, ती पाचवी. डोळे मिटले, दात दाखवले, गाल फुगवले, ती सातवी. जिभेच्या पुढच्या भागाची चवही तिच्याकडेच आहे. घड्याळाची टिकटिक ऐकली आणि एका पायावर तोल सांभाळला, ती आठवी. घोट गिळला, ‘आ’ म्हटले, ती नववी आणि दहावी. ही दहावी मोठी भटकी आहे. मानेतून छातीत आणि छातीतून पोटात उतरते. हृदयाचा वेग आणि आतड्यांची चाल यांवरही तिचा हात असतो. खांदे उडवले, ती अकरावी. जीभ बाहेर काढली, ती बारावी. पाच मिनिटांत बारा तारा तपासून झाल्या!

आता त्या वाकड्या तोंडाकडे वळू. चेहऱ्याचे स्नायू सातव्या तारेवर चालतात. मग तोंड वाकडे झाले, तर बिघाड या तारेत आहे की वर मेंदूतच आहे, हे कसे ओळखावे?

विजेचे उदाहरण घ्या. चेहऱ्याची एक बाजू म्हणजे एक माडीचे घर समजा. कपाळ ही माडी आणि ओठ ही खालची खोली. माडीला दोन फीडरांची वीज आहे, खालच्या खोलीला एकाच. मेंदूचा उजवा अर्धा आणि डावा अर्धा हेच ते दोन फीडर. ओठांना निरोप मुख्यतः विरुद्ध बाजूच्या अर्ध्याकडून येतो. कपाळाला मात्र दोन्हीकडून येतो. मेंदूत रक्ताची गाठ अडकली किंवा रक्तस्राव झाला, म्हणजेच खरा लकवा झाला, की एक फीडर बंद पडतो. खालची खोली अंधारते, पण माडीवरचा दिवा चालू राहतो. माणसाचे तोंड वाकडे होते, तरी भुवया उचलल्या की कपाळाला दोन्हीकडे आठ्या पडतात. पुष्कळदा त्याच्याबरोबर एक हात लुळा पडतो, बोलणे बोबडे होते.

पण घराच्या दाराशी येणारी तारच बंद पडली तर? मग दोन्ही फीडर चालू असूनही माडी आणि खोली दोन्ही अंधारात. त्या बाजूच्या कपाळाला आठी पडत नाही, डोळा मिटत नाही, ओठही हलत नाही. सातवी तार कानामागच्या हाडातून एका अरुंद बोगद्यातून जाते. तिथे तिला सूज आली की पसरायला जागा नसते आणि ती चेपली जाते. स्कॉटिश शस्त्रवैद्य चार्ल्स बेल याने १८२१ साली चेहऱ्याच्या तारांचे वर्णन केले, म्हणून या विकाराला त्याचे नाव मिळाले. आपल्या आयुर्वेदात वाकड्या तोंडाला ‘अर्दित’ असे जुने नाव आहे.

हा फरक रोग समजावा म्हणून सांगितला. घरी बसून निकाल देण्यासाठी नव्हे. दोन्हींत दवाखाना गाठायचाच. लकव्यात रक्ताची गाठ विरघळवण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्याआधी डोक्याचे चित्र काढावे लागते. म्हणून तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, यांपैकी एक जरी दिसले तरी घड्याळात वेळ पाहून ठेवा आणि १०८ क्रमांकाला फोन करा. बेलच्या विकारात जिवाला धोका नसतो, बहुतेक लोक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. तिथेही सूज उतरवणारे औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर गुण अधिक येतो. उघडा राहिलेला डोळा मात्र सांभाळा. डॉक्टरांनी दिलेले थेंब घालत जा आणि रात्री डोळा चिकटपट्टीने बंद ठेवा. नाहीतर बुबुळ कोरडे पडून जखम होते. आणखी एक गोष्ट. ही तार कानाच्या आतून, अगदी जवळून जाते. पोराचा कान सारखा वाहत असेल तर त्यात तेल ओतत बसू नका, दवाखान्यात दाखवा.

डोळा न मिटण्याचे आणखी एक कारण विदर्भाने जवळून पाहिले आहे. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढले, त्या काळी कुष्ठरोग्याला घराचे दार बंद असे. हा रोग मज्जातंतूंनाच धरतो. सातवी तार गेली की पापणी मिटत नाही. पाचवी गेली की डोळ्यात कचरा गेलेला कळत नाही. दोन्ही मिळून माणूस आंधळा होऊ शकतो. आज हा रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. अंगावर बधिर चट्टा दिसला की लपवू नका, एवढेच मागणे.

शेवटी मुद्दाम राखून ठेवलेली गोष्ट सांगतो. आपला संग्रामपूर तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी, कापसाचा. घरात कापूस नि धान्य साठवले की उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात. जागलीला गेलेला माणूस शेतात भुईवरच अंग टाकतो. मण्यार रात्री हिंडते. तिचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे माणूस म्हणतो, “पोट दुखून राह्यलं.” मग पापण्या जड होतात, उचलत नाहीत. घरचे म्हणतात, झोप झाली नसेल.

ही झोप नव्हे! तारेच्या टोकाशी, जिथे निरोप स्नायूच्या हाती पडतो, तिथले दार विषाने बंद होत असते. आधी पापणी पडते, मग एकाच्या जागी दोन दिसू लागतात, मग घोट उतरत नाही, जीभ जड होते, मान लटकते. शेवटी श्वास थांबतो. पापणी ही पहिली हाक आहे. तेवढ्यात निघा. दंशाची जागा कापू नका, दोरी आवळू नका, मंत्रात वेळ घालवू नका. हात किंवा पाय हलू न देता माणसाला ग्रामीण रुग्णालयात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी एकच लस असते. विषाने दार बंद करण्याआधी ती मिळाली तर तिचा खरा उपयोग.

आणि हे विसरू नका. असा माणूस निपचित पडतो, डोळे उघडत नाही, बोलत नाही. लोक म्हणतात, “गेला.” पण विषाने स्नायूंकडे जाणारे निरोप अडवलेले असतात, कानाकडून मेंदूकडे जाणारी आठवी तार चालूच असते. तुम्ही उशाशी बोलता ते त्याला ऐकू येत असू शकते! त्याचा श्वास यंत्राने चालू ठेवला तर काही दिवसांनी तो उठून बसू शकतो. म्हणून डॉक्टरांनी सांगेपर्यंत आशा सोडू नका, आणि त्याच्याजवळ धीराचेच बोला.

तेव्हा आज रात्री भुईवर न निजता खाटेवर निजा, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा. शिक्षक मित्रहो, उद्या वर्गात ही बारा तारांची परीक्षा घ्या. एखादे पोर घरी जाऊन आपल्या आजोबांना म्हणेल, “आबा, भुवया वर करा बरं!” आणि कोणत्या तरी घरात वेळेवर गाडी निघेल.