मेंदूत मुक्काम करणारा गोवर

2022च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईतल्या गोवंडीत गोवराची साथ आली. भिवंडी आणि मालेगावातही ती पसरली. करोनाच्या दोन वर्षांत ज्या बाळांची लस राहून गेली होती, त्यांना तिनं गाठलं. केंद्राचं पथक आलं, जादा डोस द्यायचं ठरलं, पुढे साथ ओसरली आणि बातम्याही थांबल्या. माझ्या मते त्या साथीचा हिशेब अजून मिटलेला नाही. तेव्हा जेमतेम सहा-आठ महिन्यांची असताना ज्यांना गोवर झाला, त्यांच्यापैकी मोजक्या काहींच्या मेंदूत तो विषाणू आजही असू शकतो. तो तोंड वर काढेल साधारण 2028 ते 2032च्या दरम्यान, ही मुलं पहिली ते पाचवीच्या वर्गात बसलेली असताना.

या आजाराचं नाव सबअॅक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस. डॉक्टर त्याला एसएसपीई म्हणतात. 1933मध्ये अमेरिकेत जेम्स डॉसन यांनी अशा आजाराने गेलेल्या मुलाच्या मेंदूच्या पेशींमध्ये वेगळेच डाग पाहिले आणि हे काम विषाणूचं असावं, असा अंदाज बांधला. तो विषाणू गोवराचाच, हे पक्कं व्हायला मात्र 1960चं दशक उजाडावं लागलं.

सुरुवातीला कुणाच्या लक्षातही येत नाही. बऱ्यापैकी हुशार असलेलं पोर अभ्यासात मागे पडतं, अक्षर बिघडतं, चिडचिड वाढते. मग झटके सुरू होतात. पाणी पिता पिता हातातला पेला उडतो, मान एकदम खाली जाते, चालताना पाय दुमडतो. मूल शुद्धीवर असतं, पण थोड्या वेळाने पुन्हा तेच. घरचे आधी रागावतात, मग कुणीतरी बाहेरचं काही असेल म्हणतं आणि महत्त्वाचे आठवडे हातचे जातात. मोठ्या रुग्णालयात ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, काढला, की ठरावीक सेकंदांच्या अंतराने एक उंच लाट उमटत राहते आणि तिच्याबरोबरच मुलाचं अंग उडतं. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात गोवराविरुद्धच्या प्रतिपिंडांचं प्रमाण खूप वाढलेलं असतं. पुढे बोलणं जातं, काहींची नजर जाते, मूल अंथरुणाला खिळतं. बहुतेक मुलं निदानानंतर एक ते तीन वर्षांत दगावतात. आयसोप्रिनोसिन, इंटरफेरॉन अशी औषधं दिली जातात, त्यांनी काहींचा आजार काही काळ थोपतो. तो बरा करणारं औषध आजही नाही.

मुळात गोवराच्या विषाणूला मेंदूच्या पेशीत शिरायला दार नाही. श्वासातून आत आल्यावर तो फुफ्फुसातल्या रोगप्रतिकारक पेशींना चिकटतो. त्यांच्यावर सीडी-150 नावाचं प्रथिन असतं, तेच त्याचं प्रवेशद्वार. त्याच पेशींवर बसून तो लसिकाग्रंथींत आणि रक्तात पोचतो. बाहेर पडताना तो श्वासमार्गाच्या अस्तरातल्या पेशींवरच्या नेक्टिन-4 या दुसऱ्या प्रथिनाचा आधार घेतो आणि खोकल्यातून पुढच्या माणसाकडे जातो. मेंदूतल्या चेतापेशींवर ही दोन्ही प्रथिनं नसतात. तरीही काही मुलांत विषाणूचे थोडे अंश मेंदूपर्यंत पोचतात, बहुधा रक्तातल्या बाधित पेशींबरोबर.

तिथे पोचल्यावर तो वर्षानुवर्षं बदलत राहतो. नवे विषाणूकण बांधून पेशीबाहेर सोडायला त्याला एम नावाचं प्रथिन लागतं. एसएसपीईच्या विषाणूत हे प्रथिन इतकं बिघडलेलं असतं, की पूर्ण कण तयारच होत नाहीत. म्हणूनच या आजारातल्या मुलाकडून दुसऱ्या कुणाला गोवर होत नाही. त्याला वेगळं ठेवायची, भावंडांपासून तोडायची काहीही गरज नसते. दुसरा बदल एफ प्रथिनात होतो. एका पेशीचं आवरण दुसरीच्या आवरणात मिसळवणं हे त्याचं काम. ते नको इतकं तत्पर बनतं आणि नेहमीच्या प्रवेशद्वाराशिवायही काम करू लागतं. जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021मध्ये दाखवलं, की असं बदललेलं एफ प्रथिन चेतापेशींवरच्याच सीएडीएम-1 आणि सीएडीएम-2 या प्रथिनांची मदत घेतं. गल्लीत पाऊल न ठेवता, सामाईक भिंतीला भोक पाडत घरामागून घर गाठणाऱ्या चोरासारखा विषाणू एका पेशीतून थेट शेजारच्या पेशीत जातो. रक्तातले प्रतिपिंड पेशींच्या बाहेर फिरतात, हा कधी बाहेर येतच नाही.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासकांनी एसएसपीईने गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूच्या 15 भागांमधल्या विषाणूचा जनुकीय क्रम वाचून काढला. 2023च्या त्यांच्या निबंधानुसार तो कपाळामागच्या भागातून संपूर्ण मेंदूत पसरला होता.

हा आजार दुर्मीळ आहे, पण कुणाला किती धोका, ते वयावर ठरतं. कॅलिफोर्नियातल्या 2017च्या अभ्यासात पाच वर्षांच्या आत गोवर झालेल्या सुमारे 1,367 मुलांमागे एकाला एसएसपीई झाल्याचं दिसलं. वर्षाच्या आत गोवर झाला असेल, तर हेच प्रमाण सुमारे 609 मुलांमागे एक इतकं होतं. गोवर अंगावर पूर्ण फुटला की आत काही राहत नाही, असं घरातली जुनी माणसं सांगतात. तान्ह्या बाळाच्या बाबतीत त्यावर विसंबू नये.

बाळं लशीविना कशी राहतात, ते समजायला आता जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं हसनाबाद डोळ्यांपुढे आणा. आपल्याकडे गोवर-रुबेलाच्या एमआर लशीचा पहिला डोस नववा महिना पुरा झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान देतात. जालना जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्या बाळाचा नववा महिना ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुरा होतो, म्हणजे नेमका कोयता निघायच्या दिवसांत. त्याच बाळाचा 16वा महिना पुढच्या मे-जूनमध्ये, बिऱ्हाड परत येऊन पेरणीची धांदल सुरू असताना. आशाताईंची यादी गावात असते आणि बाळ उसाच्या फडावर. वीटभट्टीवर, बांधकामावर गेलेल्यांचंही तेच. आईबापांच्या बेफिकिरीला दोष देणं मला पटत नाही. लसीकरणाचा दिवस आणि मजुरीचा हंगाम यांची गाठच पडत नाही.

नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला नेहमीच्या वेळापत्रकात ही लस नसते, कारण आईकडून आलेले प्रतिपिंड तिला नीट काम करू देत नाहीत. हेच प्रतिपिंड हळूहळू उतरत जातात आणि लशीआधीचे काही महिने बाळ उघडं पडतं. गोवराचा एक रुग्ण बेसावध वस्तीत 12 ते 18 जणांना आजार देऊ शकतो. त्यामुळे पाळण्यातल्या बाळाला वाचवायचं, तर आजूबाजूच्या शंभरातल्या किमान 95 जणांना संरक्षण हवं. एकाची चुकलेली लस शेजारच्या झोपडीतल्या तान्ह्याला महागात पडते, तेही आठ-दहा वर्षांनी, जेव्हा त्या गोवराची कुणाला आठवणही नसते.

लशीतल्या विषाणूमुळेच हा आजार होत असेल, अशी शंका पालक विचारतात आणि ती रास्त आहे. जगभरात एसएसपीई रुग्णांच्या मेंदूत सापडलेला विषाणू तपासला, तेव्हा तो दर वेळी साथीतला रानटी विषाणूच निघाला. लशीतला एकदाही नाही.

एमआरच्या कुपीत द्रावक मिसळल्यावर ती चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकावी लागते. म्हणून 'आणखी बाळं येऊ द्या, मग कुपी फोडू' असं सत्रावर कुणी म्हणालं, तर आईने परत फिरू नये. सरकारी नियमाप्रमाणे एका बाळासाठीही कुपी फोडता येते. लसीकरणाचं कार्ड हसनाबादचं असलं तरी डोस साखर कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातही मिळतो, आणि राहून गेलेला डोस पाच वर्षं पुरी होईपर्यंत घेता येतो. म्हणून गाव सोडताना भांड्याकुंड्यांबरोबर ते कार्डही घ्यावं. आणि ज्याला तान्हेपणी गोवर झाला होता अशा मुलाला पुढे शाळेत झटके येऊ लागले, तर ती जुनी गोष्ट पहिल्याच भेटीत डॉक्टरांच्या कानावर घालावी.