तीन सेंटीमीटरची गंमत

गाडी जरा बसकी केली की रुबाबदार दिसते, यात वादच नाही. पण ‘खाली घेतली की रस्त्याला चिकटून चालते’ या गॅरेजमधल्या लाडक्या वाक्यामागचं गणित दिसण्यापेक्षाही रंगतदार आहे!

समजा, हजार किलोची गाडी आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटरवर आणि डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर. वळणावर तिला गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याइतका जोर बाहेरच्या बाजूला बसला, तर आतल्या चाकांवरचा सुमारे १८३ किलो भार बाहेरच्या चाकांवर जातो. आता गाडी ३ सेंटीमीटर खाली घ्या. भार होतो १७३ किलो. फरक फक्त १० किलोंचा! मग लोअरिंग स्प्रिंग टाकल्यावर गाडी इतकी वेगळी का वाटते? कारण या स्प्रिंग बुटक्या असतात तशाच कडकही असतात. गाडी वळणावर कमी कलते ती बरीचशी त्या कडकपणामुळे.

याहून मोठा धक्का पुढच्या चाकांपाशी आहे. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट नावाचं सस्पेन्शन असतं. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरची ही रचना १९५०च्या लंडन मोटर शोमध्ये आलेल्या फोर्ड कॉन्सलनं गाजवली. या रचनेत गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू गाडी खाली घेतल्यावर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगानं खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं. म्हणजे स्प्रिंग तेवढीच मऊ ठेवून नुसती उंची कमी केली, तर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलू शकते!

बसकेपणाचे भन्नाट किस्से मात्र परदेशातले. कॅलिफोर्नियात १९५८ साली कायदा आला: गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली जाता कामा नये. मुद्दाम बसक्या केलेल्या ‘लोरायडर’ गाड्यांच्या शौकिनांची पंचाईत झाली. १९५९च्या सुमारास रॉन अगिरे यानं आपल्या कॉर्व्हेटला विमानांतले हायड्रॉलिक पंप बसवले. बटण दाबलं की गाडी वर, पोलीस गेले की पुन्हा खाली. तो जुना नियम तिथं २०२४च्या सुरुवातीपासून हटवला गेला.

फॉर्म्युला वनमध्ये १९८१ साली असाच नियम होता: गाडी जमिनीपासून ६ सेंटीमीटर वर हवी. मोजमाप व्हायचं गाडी उभी असताना. ब्रॅबम संघाच्या गॉर्डन मरेनं असं सस्पेन्शन बनवलं, की वेगात हवेच्या दाबानं गाडी खाली बसायची आणि वेग उतरला की हळूहळू वर यायची. मोजणाऱ्यांना ६ सेंटीमीटर बरोब्बर मिळायचे. नेल्सन पिके त्या वर्षी याच संघाकडून विश्वविजेता झाला. माझ्या मते नियमाच्या फटीतून काढलेली ही सर्वांत देखणी वाट.

आता बसणाऱ्यांच्या पाठीचा विचार. स्प्रिंग गाडीच्या वजनानं जितकी दबते, तितका तिचा हेलकावा संथ. २५ सेंटीमीटर दबली तर सेकंदाला एक हेलकावा, ६ सेंटीमीटर दबली तर दोन. एक म्हणजे झुल्यासारखी मऊ चाल, दोन म्हणजे स्पोर्ट्स कारचा कडकपणा. मॉरिस ऑली या इंजिनिअरनं १९३०च्या दशकात दाखवून दिलं, की मागच्या बाजूचा हेलकावा पुढच्यापेक्षा किंचित जलद हवा. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो. मागची बाजू उशिरा हलते, पण भरभर हलून पुढचीला गाठते आणि गाडीचं डुलणं थांबतं. फक्त पुढच्याच स्प्रिंग बदलल्या की हा मेळ मोडतो.

स्प्रिंग कापून घेणं तर त्याहून वाईट. सहा वेढ्यांतला एक कापला की उरलेली स्प्रिंग २० टक्के कडक होते. शॉकअप मात्र जुनाच. त्याला ती आवरत नाही. चाक हवेत लोंबकळलं की आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून निसटण्याची भीती वेगळीच.

आणि आपले स्पीडब्रेकर! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार उंचवटा १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. इतका पसरट, की अडीच मीटर व्हीलबेसची गाडी दोन्ही चाकांसह त्याच्यावर मावते आणि पोटाखाली जेमतेम ५ सेंटीमीटर उंचवटा येतो. बरीच बसकी गाडीही आरामात जाईल. पण गल्लीत हातानं थापलेला अरुंद ब्रेकर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध पूर्ण उंचीनं उभा राहतो. साडेसोळा सेंटीमीटर क्लिअरन्सच्या सेडानमध्ये चार माणसं आणि सामान भरलं की तीन-चार सेंटीमीटर गेलेच. लोअरिंगचे तीन आणखी वजा करा. उरले साडेनऊ ते साडेदहा. पहिला मार बसतो तो इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरला, आणि चेंबर फुटून ऑइल गेलं की इंजिन गेलंच म्हणून समजा.

म्हणून गाडी खरोखर चांगली वळावी असं वाटत असेल, तर आधी चांगले टायर, नवे बुश आणि धडधाकट शॉकअप यांवर पैसे घाला. फरक पहिल्याच वळणावर कळेल. तरीही खाली घ्यायचीच असेल, तर चारही स्प्रिंग आणि शॉकअप जुळणारे घ्या, गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विम्याच्या अटी आधी वाचा, आणि काम झाल्यावर अलाइनमेंट करूनच गॅरेजबाहेर पडा. उंची बदलली की चाकांचा टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बदलतो, आणि बिघडलेला टो नवे टायर कडेनं खाऊन टाकतो.