जुना टायर जातो कुठे?

राहुरी-संगमनेर पट्ट्यात मुरघासाच्या खड्ड्यावर प्लास्टिकचा कागद अंथरतात आणि तो उडू नये म्हणून वर जुने टायर रचतात. दाबायला याहून स्वस्त काही मिळत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात टायर सहजासहजी मरत नाही, आणि त्याच्याबद्दलचे गैरसमजही.

पावसाळ्यात त्यात साचलेलं पाणी ओतून दिलं की डास गेले, हा त्यातलाच एक. डेंग्यूचा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टायरच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात; पुन्हा पाणी साचलं की अळ्या तयार. म्हणून आतून घासावं लागतं, नाहीतर पाणीच साचू नये असा टायर कापून वापरावा.

भंगारातल्या टायरला कसला आलाय कायदा, असंही सर्रास बोललं जातं. कायदा आहे. जुलै 2022 मध्ये केंद्राने घातक व इतर कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती केली आणि जुन्या टायरची जबाबदारी टायर बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली. 2022-23 साठी उद्दिष्ट होतं 35 टक्के, पुढच्या वर्षी 70, आणि 2024-25 पासून 100.

शंभर टक्के ऐकून सगळे टायर प्रक्रियेला जातात असं वाटेल, पण हे शंभर टक्के दोन वर्षांपूर्वी बनवलेल्या किंवा आणलेल्या नव्या टायरच्या वजनाचे. शिवाय कंपनीला टायर दारोदार गोळा करावे लागत नाहीत. नोंदणीकृत प्रक्रियादाराकडून प्रमाणपत्रं घेतली की भागतं. मुरघासावरचा टायर या हिशेबात कुठेच नाही. तो पुढे कुठे जाणार हे भंगारवाला ठरवतो, आणि तो चार पैसे जास्त मिळतील तिकडे वळतो. खरी गळती इथे आहे.

रिमोल्डिंगही पुनर्प्रक्रियेत धरत नाहीत. त्याने कंपनीची जबाबदारी फक्त वर्षभर पुढे सरकते.

सगळ्यात महाग पडणारा समज म्हणजे टायरचं तेल आणि डिझेल एकच. बंद भट्टीत हवा लागू न देता टायर तापवला की तेल, काळी भुकटी, तार आणि वायू निघतो. त्या तेलात गंधक साधारण एक टक्का, म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग. बीएस-6 डिझेलला मुभा फक्त 10 भागांची. ते कारखान्याच्या भट्टीचं इंधन आहे, ट्रॅक्टरच्या टाकीत ओतायचं नव्हे.

अशा भट्ट्यांसाठी परदेशातून भंगार टायर आणायला 2022 च्या नियमांनी बंदी घातली आहे. आणि गावाबाहेर भट्टी लावायला ग्रामपंचायतीचा दाखला पुरत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी घ्यावी लागते.