कड दिसते, म्हणून रस्ता दिसतो असे नव्हे

रात्री घाटात रस्त्याच्या कडेने चमकत जाणारे रिफ्लेक्टर विजेवर चालतात, असा पुष्कळांचा समज असतो. बहुतेकांत वीज नसते. साधा आरसा तिरपा आलेला उजेड पलीकडे टाकतो. रिफ्लेक्टरमध्ये परस्परांशी काटकोन करणारे तीन पृष्ठभाग असतात आणि त्यांवरून तीनदा उलटलेला किरण आला त्याच दिशेने परत जातो. अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी 1969 मध्ये चंद्रावर ठेवलेला, पृथ्वीवरचा लेझर परत पाठवणारा परावर्तकही याच तत्त्वावर चालतो! रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या पट्टीत हे काम रंगात मिसळलेले काचेचे बारीक मणी करतात. पावसात त्यांच्यावर पाण्याचा थर चढला की किरणांची वाट बदलते आणि पट्टी नाहीशी होते. उंचवट्यावर बसवलेला रिफ्लेक्टर मात्र पाण्याच्या वर डोके काढून असतो.

रस्त्यात बसवलेल्या रिफ्लेक्टरचे श्रेय यॉर्कशायरच्या पर्सी शॉ यांना दिले जाते. त्यांनी 1934 मध्ये ‘कॅट्स आय’चे पेटंट घेतले. पण उजेड परत पाठवणाऱ्या काचेच्या भिंगाचे पेटंट रिचर्ड हॉलिन्स मरे या हिशेबनिसाने 1927 मध्येच घेतले होते. ते नाव आज फारसे कोणी घेत नाही, हा अन्याय आहे. शॉ यांची खरी प्रतिभा रबरात होती. चाक वरून गेले की काचा खाली दबतात, रबर त्यांना पुसून घेते आणि साठलेले पावसाचे पाणी त्यांना धुते. स्वतःचा डोळा स्वतःच पुसणारे हे उपकरण दुसऱ्या महायुद्धातल्या ‘ब्लॅकआउट’मध्ये ब्रिटिश रस्त्यांवर अमोल ठरले.

एवढे कौतुक करूनही एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. रिफ्लेक्टर रस्ता कुठे वळतो ते सांगतो, रस्त्यावर काय उभे आहे ते सांगत नाही. लायबोविट्झ आणि ओवेन्स या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये मांडले की, अंधारात वस्तू ओळखण्याची आपली दृष्टी फार मंदावते, पण दिशा राखण्याची दृष्टी बरीच शाबूत राहते. गाडी सरळ चालते आहे, म्हणून चालकाला आपल्याला नीट दिसते आहे असे वाटते. फिनलंडमध्ये 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ताशी 80 किमी मर्यादेच्या रस्त्यांवर कडेला परावर्तक खांब लावल्यावर रात्रीचा वेग वाढला आणि अंधारातले, माणसे जखमी होणारे अपघातही वाढले.

मग रिफ्लेक्टर काढून टाकायचे का? मुळीच नाही. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले की नजर टेकवायला डावी कड लागतेच. धुक्यात आणि पावसात तिच्याशिवाय भागत नाही. पण वेग ठरवावा तो आपल्या दिव्यांच्या पल्ल्यावरून. ताशी 80 किमी वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. प्रतिक्रियेला दीड सेकंद धरला, तर ब्रेक दाबेपर्यंतच 33 मीटर संपतात. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी 40 मीटरच्या आसपास लागतात. डिपर दिव्यात काळ्या कपड्यातला माणूस इतक्या लांबून दिसेल याचा भरवसा नाही, आणि ओल्या रस्त्यावर थांबायचे अंतर याहून वाढते.

म्हणून परावर्तक फक्त रस्त्यावर असून चालणार नाही, तो अडथळ्यावरही हवा. गाळप हंगामात रात्री कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉलीच्या मागे उसाच्या मोळ्या लोंबतात आणि मागची परावर्तक पट्टी झाकून टाकतात. धुळीने माखलेली पट्टीही निकामी होते. पायी चालणाऱ्यालाही परावर्तक हवा: त्याला समोरच्या गाडीचे दिवे लख्ख दिसतात, म्हणून त्याला वाटते की चालकालाही आपण दिसतो आहोत. ट्रॉलीमालकांनी मोळ्यांच्याही मागे लाल पट्टी दिसेल अशी लावावी आणि रोज निघण्यापूर्वी ती ओल्या फडक्याने पुसावी.