बार्सिलोनाचें नादाल पारितोषिक

स्पॅनिश साहित्यांतील सर्वांत मोठा मान सेर्वांतेसच्या नांवें दिला जातो, हें आमच्या बहुश्रुत वाचकांस ठाऊक असेलच. परंतु तो बहुधा केस पिकल्यावर, आयुष्यभराच्या वाङ्मयसेवेबद्दल मिळतो. नवख्या लेखणीस हात देणारें पारितोषिक म्हणजे बार्सिलोनाचें 'नादाल'. आम्हांस तेंच अधिक मोलाचें वाटतें.

'देस्तीनो' साप्ताहिकाचे संपादक एउखेनियो नादाल १९४४ सालीं ऐन तारुण्यांत वारले. त्यांच्या स्नेह्यांनीं तसबिरीवर हार घालून न थांबतां त्यांच्या नांवें अप्रकाशित कादंबऱ्यांची स्पर्धा ठेवली. बक्षीस ५,००० पेसेतांचें. ६ जानेवारी १९४५ रोजीं निकाल लागला, तेव्हां सेसार गोन्सालेस रुआनो यांसारखे नांवाजलेले पत्रकार मागें पडले आणि कार्मेन लाफोरेत या २३ वर्षांच्या अप्रसिद्ध मुलीची 'नादा' ही कादंबरी पहिली आली. 'नादा' म्हणजे 'कांहीं नाहीं'!

यादवी युद्ध नुकतेंच संपलें आहे. आंद्रेया नांवाची पोरकी मुलगी शिक्षणासाठीं बार्सिलोनास आजीच्या घरीं येते. तेथें काय पाहते? थकलेली आजी, तिची करड्या शिस्तीची अविवाहित लेक, परस्परांचे वैरी बनलेले दोन मुलगे, मार खाणारी सून, आणि सर्वांवर उपासमारीची छाया. उरलेलें सामानसुमान एकेक करून विकलें जात आहे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकभगिनींस हें घर फारसें परकें वाटूं नये. माजघरांतली धुसफूस तिकडेही तीच!

फ्रांकोच्या अमदानींत विवाहितेस नोकरी करण्यास नवऱ्याची संमति लागे. ती अट १९७५ पर्यंत टिकली. अशा देशांत १९४४ ते १९५९ या सोळा वर्षांच्या पारितोषिकांपैकीं सहा स्त्रियांनीं पटकावलीं. कार्मेन मार्तीन गाइते व आना मारिया मातूते त्यांतल्याच.

लाफोरेतबाईंस मात्र ही कीर्ति जड गेली. पुढें जें लिहावें त्याची तुलना 'नादा'शींच होई. १९६३ च्या कादंबरीनंतर त्यांनीं नवी कादंबरी छापूं दिली नाहीं. तिचा पुढला भाग त्यांच्या मृत्यूनंतर, २००४ सालीं निघाला. याचा दोष कित्येक जण पारितोषिकास देतात. आम्हांस तें पटत नाहीं. पारितोषिक नसतें, तर त्या मुलीचें बाड त्या काळीं कोणत्या प्रकाशकानें उघडून पाहिलें असतें? दोष असलाच तर दर वेळीं तीच कादंबरी पुन्हां मागणाऱ्या वाचकांचा व टीकाकारांचा.

नादालचा निकाल आजही दरवर्षीं ६ जानेवारीसच, बार्सिलोनांत जाहीर होतो.