व्यसन सुटताना शरीर काय मागते

देवळाली कॅम्पने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे, आणि तो फारसा गौरवाचा नाही. १८६१ साली वसलेल्या या छावणीत मायदेशी परतणारे ब्रिटिश सैनिक बोटीची वाट पाहत थांबत. त्यांना नेणाऱ्या बोटी हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. नोकरीची मुदत ऐन उन्हाळ्यात संपली, तर मुक्काम काही महिने लांबे. हाताला काम नसे, कवायत जवळजवळ नसे. पगार मात्र खिशात असे आणि दारू हाताशी. त्यात हिवताप आणि गुप्तरोग. या मुक्कामात ज्याचे डोके फिरले त्याला ‘डुलाली टॅप’ झाला असे सोबती म्हणू लागले. ‘डुलाली’ म्हणजे देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे आपला तापच.

याच देवळालीची दुसरी ओळख मुंबईकरांना अधिक जवळची आहे, ती हवापालटाची. कोरड्या, थंड हवेसाठी पारशी आणि गुजराती कुटुंबे इथे येत आणि त्यांच्या समाजांनी सॅनेटोरियम बांधली. क्षयावर औषध नव्हते त्या काळात विश्रांती, मोकळी हवा, दूध आणि अंडी हाच उपचार मानला जाई. हवेने जंतू मरत नव्हते. शरीराला झुंजायला बळ मिळे, एवढेच. व्यसनमुक्तीत आहार आणि व्यायाम यांची जागा नेमकी अशीच आहे. त्यांनी व्यसन बरे होत नाही. पण ते नसतील तर औषध आणि समुपदेशन यांना पाय ठेवायला जमीन मिळत नाही.

दारूच्या प्रत्येक ग्रॅममधून सात कॅलरी मिळतात, पण जीवनसत्त्व एकही नाही. रोज पिणाऱ्याचे पोट म्हणूनच भरल्यासारखे वाटते आणि जेवण तुटते. पुष्कळांच्या पोटात दिवसभरात चखण्याखेरीज काही जात नाही. गंमत अशी, की चखण्यातल्या शेंगदाण्यांत थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, चांगले असते. पण दारू तेच आतड्यातून नीट शोषू देत नाही. शरीरात थायामिनचा साठा दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो. तो संपला की मेंदूला साखर वापरता येईनाशी होते. माणूस गोंधळतो, चाल लटपटते, डोळ्यांची हालचाल बिघडते. कार्ल वेर्निके यांनी १८८१ साली या अवस्थेचे वर्णन केले, आणि थोड्याच वर्षांत रशियातील सर्गेई कोर्साकोव्ह यांनी तिच्या मागोमाग येणारा स्मृतिभ्रंश नोंदवला. थायामिनचा शोध तेव्हा लागायचा होता. जावा बेटावर पॉलिश केलेल्या तांदळावर वाढलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात, हे ख्रिस्तियान आयकमान यांच्या लक्षात आले आणि धागा सापडला. त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

याचा संबंध थेट गल्लीतल्या दवाखान्याशी येतो. पिऊन पिऊन अंग गळाले की ‘दोन सलाईन लावून घ्या’ हा आपल्याकडचा सर्रास सल्ला. त्या बाटलीत ग्लुकोज असेल आणि शरीरात थायामिन नसेल, तर उरलेसुरले थायामिनही ग्लुकोज पचवण्यात खर्ची पडते आणि मेंदूचे दुखणे उफाळू शकते. म्हणून थायामिनचे इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी, निदान बरोबरीने द्यावे हा नियम. मॅग्नेशियम कमी असेल तर थायामिनही नीट काम करत नाही. फार दिवस उपाशी राहिलेल्याला पहिल्याच दिवशी पोटभर जेवू घालणेही घातक ठरते. रक्तातले फॉस्फेट एकदम उतरते आणि हृदय अडचणीत येते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांत हे दिसून आले होते. घरच्यांची माया इथे आवरावी लागते. पेज, मऊ भात, वरण, ताक असे थोडे थोडे, पुन्हा पुन्हा.

यकृत बिघडलेल्या माणसाच्या ताटातून डाळ आणि अंडी काढून घेण्याची चाल अजून अनेक घरांत आहे. जुन्या वैद्यकाचा तो उरलेला अंश आहे. आजचा सल्ला उलटा आहे: सिऱ्होसिसच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात, हे पाहिले तर हा आकडा किती मोठा आहे ते कळते. मोड आलेली मटकी, हरभरा, दही, पनीर, झेपत असेल तर मासे, हे सगळे दिवसभरात वाटून घ्यावे लागते. रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणे हाही उपचाराचाच भाग, कारण असे यकृत रात्रभराच्या उपासाइतकी साखर साठवून ठेवू शकत नाही. पोटात पाणी झाले असेल तर मिठाला मात्र आवर घालावा लागतो; लोणचे आणि पापड बंद.

ब्राऊन शुगरची तऱ्हा वेगळी. ती घेताना बद्धकोष्ठ आणि ती सुटताना जुलाब, उलट्या, अंगदुखी. या अवस्थेला व्यसनी मंडळी ‘टर्की’ म्हणतात. तिचा जोर साधारण आठवडाभरात ओसरतो, आणि त्या दिवसांत मीठ-साखरेचे पाणी हेच मुख्य अन्न असते. नंतर भूक परतते ती दणकून. गोडाची ओढ तर बहुतेक सगळ्यांनाच लागते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या १९३९ सालच्या मूळ पुस्तकातसुद्धा गोड खाल्ल्याने तलफ आवरते असा एका डॉक्टरांचा अनुभव नोंदवलेला आहे. पहिले काही आठवडे ते चालून जाते. मधुमेह असेल तर नाही.

तंबाखूकडे या चर्चेत दुर्लक्ष होते. सिगारेट ओढणाऱ्याला रोज ३५ मिलिग्रॅम जास्त क जीवनसत्त्व लागते. एक पेरू ते सहज भरून काढतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी त्याने आखडलेली तोंडे दंतवैद्यांकडे येतच आहेत. भाकरीचा घास आत जाईल एवढेही तोंड उघडत नाही आणि तिखटाने आग होते. त्यांना मऊ, बिनतिखट आणि तरीही सकस जेवण योजून द्यावे लागते.

व्यायामाबद्दल बरेच मोठे दावे केले जातात. दहा-पंधरा मिनिटे भरभर चालल्याने तलफ तेवढ्यापुरती खाली येते, हे पुष्कळ प्रयोगांत दिसले आहे. पण व्यायामामुळे वर्षभर सिगारेट सुटलेली राहते, असा भक्कम पुरावा मिळालेला नाही. शिवाय दारूने स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात, तळपायांना मुंग्या येतात आणि तोल जातो. अशा माणसाला पहिल्याच आठवड्यात सूर्यनमस्कार घालायला लावणे हा अडाणी उत्साह आहे. आधी चालणे, मग हलकी आसने. झोप मात्र अनेकांची कित्येक महिने मोडलेली राहते, आणि दिवसा थकलेले शरीर त्या बाबतीत मदत करते.

पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने हे सूत्र रोजच्या कार्यक्रमातच बसवले. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळावर ते १९८६ साली सुरू केले. तिथे योगासने, व्यायाम, साफसफाई, वेळेवर जेवण आणि गटचर्चा अशी दिवसाची बांधणी असते. देवळालीच्या त्या सैनिकांना नेमके हेच मिळाले नव्हते: दिवसाला आकार.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये पुन्हा घसरण्याच्या चार वाटा सांगतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. चारांतल्या दोन शरीराच्या आहेत, आणि स्वयंपाकघराच्या आवाक्यातल्या आहेत. संध्याकाळी सहा-सातची पिण्याची वेळ पोट रिकामे ठेवून गाठू नये, हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय. थालीपीठ, उकडलेली अंडी, चणे, काहीही चालेल.

शेवटी दोन इशारे. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. दोन-तीन दिवसांत झटके आणि भ्रम होऊन जीव जाऊ शकतो, म्हणून आधी डॉक्टर गाठावा. आणि दारू सुटावी म्हणून डायसल्फिरामची गोळी चालू असेल, तर ताकद यावी म्हणून द्राक्षासव, अश्वगंधारिष्ट यांसारखी औषधे देऊ नयेत. आसव-अरिष्टांत मुरताना तयार झालेले मद्य असते.